‘परत अर्ज करा’ या सल्ल्याविषयी

सरकारी अनुदानाचा अर्ज नामंजूर झाला की खिडकीपलीकडून अर्जदाराला बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो, आणि तो सहसा आपुलकीनेच दिलेला असतो: ‘त्यात वेळ घालवू नका, परत अर्ज करा.’ माणसे निमूटपणे उठतात, नवा छापील अर्ज घेतात, तेच दाखले पुन्हा काढण्यासाठी मामलेदार कार्यालयात रांग लावतात आणि पुन्हा काही महिने वाट पाहतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी डिचोली तालुक्यातील आमच्या गावात लोकांना असे अर्ज भरून देतो. आजवर जे पाहिले त्यावरून माझे मत पक्के झाले आहे, की हा सल्ला अर्जदाराचे नुकसान करतो आणि प्रशासनाचेही. जुना नकार बरोबर होता की चुकीचा, हा प्रश्नच त्यामुळे कायमचा पुसला जातो. अपील हा कोणत्याही अर्जदाराला सहज वापरता येईल असा हक्क व्हायला हवा, आणि तसा तो व्हायचा असेल तर सुधारणेची सुरुवात नकाराच्या पत्रापासूनच करावी लागेल.

पुढे जे लिहिणार आहे त्याचा कोणी विपर्यास करू नये म्हणून एक गोष्ट आधीच नोंदवतो. सामाजिक अनुदानांच्या बाबतीत गोव्याने हात आखडता घेतलेला नाही. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला तेव्हा वृद्धांना दरमहा ७५ रुपये मिळत असत. पुढे केंद्राचा वाटा २०० रुपये झाला आणि साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी तो इतक्या वर्षांत वाढलेला नाही. गोव्याने मात्र स्वतःच्या तिजोरीतून दयानंद सामाजिक सुरक्षा योजना उभी केली. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नावाच्या या योजनेतून ज्येष्ठ नागरिक, एकल महिला आणि दिव्यांग व्यक्ती यांना मदत मिळते, आणि बहुतेक लाभार्थ्यांना दरमहा २,००० रुपये मिळतात. २०१२ साली गृहिणींसाठी आलेल्या गृह आधार योजनेची रक्कम सुरुवातीच्या १,००० रुपयांवरून १,५०० रुपयांवर गेली. ज्या घरात दुसरे नियमित उत्पन्न नाही तेथे या रकमेतून महिन्याचे तांदूळ, गॅसचे सिलिंडर आणि रक्तदाबाच्या गोळ्या येतात. म्हणूनच ती नाकारली जाते तेव्हा काय घडते, हा प्रश्न किरकोळ नाही.

आमच्या वाड्यावर एक काकी आहेत. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली, मुलगा नाही, मुलगी लग्न होऊन काणकोणला असते. काजूच्या मोसमात बिया वेचण्याचे काम मिळते, इतर वेळी कोणाच्या अंगणात, कोणाच्या स्वयंपाकघरात. त्यांनी एका योजनेखाली अर्ज केला होता. पाच महिन्यांनी पत्र आले ते इंग्रजीत, दोन ओळींचे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घडी करून ठेवलेले ते पत्र त्यांनी माझ्यापुढे उलगडले आणि विचारले, ‘मास्तर, हातूंत कितें बरयलां?’ (यात काय लिहिले आहे?) मी ते वाचले, आणि वाचूनही मला त्यांना उत्तर देता आले नाही. कागदपत्रे अपूर्ण असल्यामुळे अर्ज नामंजूर करण्यात येत आहे, एवढेच त्यात होते. कोणते कागद, कशात अपूर्ण, ते कोणाला दाखवायचे आणि केव्हापर्यंत, यांपैकी एकाही गोष्टीचा पत्रात पत्ता नव्हता.

चौकशीला गेलो तेव्हा परत अर्ज करण्याचाच सल्ला मिळाला. काकींनी परत अर्ज केला, आणि सात महिन्यांनी अक्षरशः तेच पत्र पुन्हा आले, फक्त वरची तारीख बदललेली. दुसऱ्या वेळी आम्ही सल्ला बाजूला ठेवला. माहिती अधिकाराखाली दहा रुपये भरून फाइल पाहण्याची परवानगी मागितली, आणि ती मिळाली. फाइलमधील टिपणीत मात्र कारण अगदी नेमके लिहिलेले होते. जन्मदाखल्यावरील नाव आणि आधार कार्डावरील नाव वेगळे असून त्याविषयीचे प्रतिज्ञापत्र जोडलेले नाही, असा शेरा होता. आम्ही पाने उलटत गेलो. प्रतिज्ञापत्र अकराव्या पानावर होते, नोटरीच्या शिक्क्यासह. शिधापत्रिकेच्या झेरॉक्सच्या मागे ते टाचणीने अडकले होते, इतकेच. ज्याने शेरा लिहिला त्याने ते पान उलटले नव्हते आणि ज्याने शेऱ्यावर सही केली त्याने शेऱ्यापलीकडे पाहिले नव्हते.

नाव वेगळे का, हेही सांगितले पाहिजे, कारण हे दुखणे गोव्यात घरोघरी आहे. काकींचा जन्म मुक्तीपूर्वीचा, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा. त्यांची जन्मनोंद पोर्तुगीजमध्ये आहे आणि आपली नावे त्या भाषेच्या रोमन लिपीत वेगळ्याच वळणाने लिहिली जात. आज आपण इंग्रजीत नाईक हे आडनाव ज्या k या अक्षराने संपवतो ते अक्षर पोर्तुगीज लिखाणात जवळजवळ वापरलेच जात नसे, त्यामुळे त्या जुन्या नोंदीत नाईकांच्या शेवटी que ही तीन वेगळीच अक्षरे दिसतात. त्यात आमच्याकडे लग्नात मुलीचे पाळण्यातले नाव बदलण्याची रीत होती. म्हणजे एकाच बाईचे जन्मनोंदीतले नाव माहेरचे आणि पोर्तुगीज वळणाचे, मतदारयादीतले नाव सासरचे, आणि आधार कार्डावरचे नाव ज्या दिवशी ज्या मुलाने संगणकावर टंकले त्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे. यातली कोणतीही विसंगती बाईने केलेली नाही. दोन राजवटी आणि एक लग्नविधी यांनी ती केली. तरीही दाखला जुळवून दाखवण्याचे सारे ओझे तिच्याच डोक्यावर पडते.

आमचे अपील एका पानाचे होते. त्यात सरकारवर टीका नव्हती आणि गरिबीचे वर्णनही नव्हते. कोणत्या तारखेच्या कोणत्या क्रमांकाच्या पत्राविरुद्ध हे अपील आहे, नकाराचे कारण टिपणीत काय नोंदवले आहे, आणि ते प्रतिज्ञापत्र त्याच फाइलच्या अकराव्या पानावर कसे आहे, एवढेच आम्ही लिहिले, सोबत त्या पानाची प्रत जोडली आणि आमच्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. काकींना मंजुरी मिळाली, पण ती पुढच्या महिन्यापासून. मधल्या काळाचे पैसे मिळाले नाहीत. त्यांच्यासाठी ते प्रकरण तेथे संपले, पण ‘परत अर्ज करा’ या सल्ल्याची खरी किंमत मला त्या मंजुरीच्या पत्राने कळली.

नवा अर्ज म्हणजे नवी तारीख. अनुदान ज्या दिवसापासून द्यायचे तो दिवस अर्जाच्या आणि मंजुरीच्या तारखेशी बांधलेला असतो, त्यामुळे चुकीच्या नकारानंतर नवा अर्ज करणारा माणूस मधल्या सगळ्या महिन्यांवर आपणहून पाणी सोडतो. दरमहा २,००० रुपये धरले तर सोळा महिन्यांचे ३२,००० होतात. ज्या बाईचा हा पैसा आहे तिने आयुष्यात एवढी रक्कम एकत्र पाहिलेली नसण्याचीच शक्यता अधिक. अपिलात मात्र वादाचा विषय जुना निर्णयच असतो. तो चुकला असे ठरले तर तो पहिल्या दिवसापासून चुकला, आणि मागची बाकी देणे हा त्याचा सरळ अर्थ होतो. म्हणून अपील मंजूर झाल्यास मूळ अर्जाला वेळीच मंजुरी मिळाली असती तर ज्या तारखेपासून अनुदान सुरू झाले असते त्या तारखेपासून ते द्यावे, असे प्रत्येक योजनेच्या नियमांत स्पष्ट शब्दांत असले पाहिजे. अपील जिंकूनही पैसे पुढूनच मिळणार असतील तर ज्याची चूक त्याला काही तोशीस नाही आणि ज्याची चूक नाही त्याला मात्र दंड, असा तो न्याय होतो.

नव्या अर्जाने दुसरे नुकसान कार्यालयाचे होते. झालेल्या चुकीची नोंद कोठेच राहत नाही. काकींसारखी वीस प्रकरणे अशीच नव्या अर्जात मिटली, तर वर बसलेल्या अधिकाऱ्याला कधी कळणारच नाही की तपासनीस मागची पाने उलटत नाहीत. वीस अपिले आली असती तर ते महिन्याभरात कळले असते.

गोव्यात आणखी एक वाट आहे, आणि ती सर्वांच्या पायाखालची आहे. अर्ज अडला की माणूस आमदाराच्या घरी जातो. आपले राज्य लहान, चाळीस मतदारसंघ, एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आसपास मतदार. त्यामुळे आमदार लोकांना तोंडओळखीने ओळखतो, सकाळी त्याच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि एका फोनवर काम होते. असे काम करणाऱ्या लोकप्रतिनिधींना मी दोष देत नाही. त्यांच्या दारात उभी राहिलेली बाई खरोखर अडलेली असते, तिला हाकलून देणे हा काही उपाय नव्हे. पण फोनवर सुटलेल्या प्रकरणात नकार का चुकला होता, हे कोणी लिहून ठेवत नाही. पुढच्या बाईला पुन्हा फोन लागतो. आणि ज्या बाईने गेल्या निवडणुकीत दुसऱ्या पक्षाचे काम केले, किंवा जिच्या नवऱ्याचा पंचाशी बांधावरून वाद आहे, ती त्या अंगणात जातच नाही. कायद्याने जे तिचे आहे ते मिळवण्यासाठी तिला कोणाचे तरी ऋणी व्हावे लागते, ही गोष्ट मला त्या दोन हजार रुपयांच्या नुकसानीपेक्षा अधिक सलते. अपिलाची वाट रुंद आणि सोपी असती तर आमदारांच्या सकाळीही इतर कामासाठी मोकळ्या झाल्या असत्या.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. नकाराचे कारण देणे ही मेहेरबानी नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर असे बंधन घातलेले आहे की आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणे त्याने बाधित व्यक्तींना पुरवावीत. हे कलम अर्ज करून माहिती मागण्याविषयीचे नाही, मागितल्याशिवाय द्यावयाच्या माहितीविषयीचे आहे. याच्याही आधी, १९९० साली, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एस. एन. मुखर्जी प्रकरणात कारणे नोंदवण्याची जबाबदारी न्यायिक स्वरूपाचे अधिकार वापरणाऱ्या प्रशासकीय अधिकाऱ्यांवरही आहे असे सांगितले. आणि १९७७ च्या मोहिंदरसिंग गिल प्रकरणात ठरलेले तत्त्व तर अपिलाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. अधिकाऱ्याच्या आदेशाची वैधता त्या आदेशात दिलेल्या कारणांवरूनच तपासायची, त्याला मागाहून नवी कारणे जोडता येत नाहीत. आमच्याकडे अपिलाच्या वेळी नेमके उलट घडताना मी पाहिले आहे. नाव जुळत नाही हा आक्षेप खोडून काढला की उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख जुनी असल्याचा आक्षेप पुढे येतो, तोही खोडला की पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा पुरेसा नसल्याचे सांगण्यात येते. पहिल्याच पत्रात सगळी कारणे लिहिण्याची सक्ती असेल तर हा पाठशिवणीचा खेळ थांबेल.

गोव्याकडे स्वतःचाही कायदा आहे. नागरिकांना मुदतीत सार्वजनिक सेवा मिळण्याच्या हक्काचा कायदा गोव्याने २०१३ साली केला. अधिसूचित सेवा, त्या देणारा नियुक्त अधिकारी, ठरलेली मुदत आणि मुदत चुकल्यास किंवा सेवा नाकारल्यास अपील, अशी त्याची रचना आहे. माहितीच्या हक्काबाबत तर गोवा देशाच्या पुढे होता, कारण केंद्राचा कायदा येण्याच्या आठ वर्षे आधी, १९९७ मध्येच, आपण आपला कायदा केला होता. शेजारच्या महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अर्ज फेटाळताना कारणे लेखी कळवण्याचे, आणि त्याच वेळी अपील कोणाकडे व किती मुदतीत करायचे ते सांगण्याचे बंधन अधिकाऱ्यावर घातले. आमच्या तालुक्यात मी आजवर जी नकारपत्रे वाचली त्यांपैकी एकातही अपील कोणाकडे करायचे हे लिहिलेले नव्हते. कायदा आहे, पण ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातातल्या कागदावर तो उतरलेला नाही.

दूरच्या एका देशाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानातील कलम ३३ नुसार प्रशासकीय कृतीने ज्याच्या हक्कांना बाधा पोचली त्या प्रत्येकाला लेखी कारणे मिळण्याचा हक्क आहे. त्या देशाच्या २००४ च्या सामाजिक साहाय्य कायद्याने अनुदान नाकारताना कारण आणि अपिलाचा हक्क दोन्ही लेखी कळवण्याचे बंधन घातले, आणि अपिलासाठी अनुदान देणाऱ्या यंत्रणेहून वेगळे असे न्यायाधिकरण नेमले. अपिलाची मुदत नव्वद दिवसांची आहे. तेथेही सारे आलबेल नाही. करोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, सुरू झालेल्या ३५० रँडच्या मदतीचे अर्ज संगणकाने तपासले गेले आणि अन्य उत्पन्न आढळल्याच्या एका त्रोटक वाक्यावर असंख्य लोकांना नकार मिळाला. कोणते उत्पन्न, कोठून आलेले, हे त्यांना कळले नाही, आणि कळले नाही तर खोडणार काय? कारण देण्याची सक्ती केवळ नावापुरती पाळली तर काय होते ते या अनुभवावरून दिसते. म्हणून मी कारण म्हणतो तेव्हा मला दाखल्याचे नाव, त्यातली उणीव आणि ती भरून काढण्याचा मार्ग, एवढे सगळे अभिप्रेत आहे.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार कोंकणी ही राजभाषा आहे आणि शासकीय कामासाठी मराठीचाही वापर करता येतो. संविधानाच्या कलम ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. म्हणजे काकींना आपले अपील मराठीत किंवा कोंकणीत लिहिण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि कोणत्याही खिडकीवर ते इंग्रजीत नाही म्हणून परत करता येत नाही. पण ज्या भाषेत अपील करता येते त्या भाषेत नकार मिळत नसेल तर हक्क अर्धाच राहतो. कोंकणी आणि मराठी, दोन्ही भाषांतील नकारपत्राचा नमुना एकदा छापून घ्यावा, आणि अर्जदाराने ज्या भाषेत अर्ज भरला त्या भाषेतले पत्र त्याला द्यावे. अर्जातच तशी चौकट ठेवता येईल.

यावर अधिकाऱ्यांचे जे म्हणणे असते ते मी अनेकदा ऐकले आहे आणि ते खोटे नाही. कर्मचारी कमी, अर्ज हजारो, प्रत्येक नकाराला सविस्तर पत्र लिहीत बसलो तर मंजुरीची कामे रखडतील. परंतु कारण शोधण्याचे काम आधीच झालेले असते. टिपणीत ते लिहिल्याशिवाय फाइल पुढे सरकतच नाही. काकींच्या फाइलमध्ये ते दीड ओळीत, स्वच्छ अक्षरात होते. तेच वाक्य पत्रात उतरवायला किती वेळ लागतो? उलट ते न उतरवल्यामुळे त्या कार्यालयाने त्यांचा अर्ज दोनदा तपासला, माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर दिले, फाइल काढून दाखवली आणि शेवटी अपील ऐकले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अपात्र लोक या योजनांत शिरतात. घरात चांगली नोकरी असताना निराधार म्हणून पैसे घेणारी, मृत व्यक्तीच्या खात्यातून पैसे काढत राहणारी माणसे आहेत, हे गावात सर्वांना माहीत असते. सरकारने ती शोधावीत, वसुली करावी, हयातीचा दाखला दरवर्षी मागावा. याला माझा संपूर्ण पाठिंबा आहे, कारण असा प्रत्येक रुपया एखाद्या खऱ्या गरजू माणसाच्या ताटातून गेलेला असतो. पण फसवणूक करणारा माणूस मोघम नकाराने अडत नाही. त्याला दाखले कसे जुळवायचे हे ठाऊक असते, त्याच्या ओळखी असतात, आणि तो दुसऱ्या दिवशी नवा अर्ज घेऊन येतो. मोघम नकाराने अडते ती वाचता न येणारी बाई.

संविधानाच्या कलम ४१ मध्ये वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व यांत सरकारी मदतीचा हक्क सांगितला आहे तो राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, हेही खरे. त्यामुळे रक्कम किती, निकष कोणते, हे ठरवण्याचा सरकारला अधिकार आहे. मात्र निकष एकदा ठरवले की त्यात बसणाऱ्या प्रत्येकाला ते सारखे लागू झाले पाहिजेत, आणि ते तसे लागू झाले का हे तपासून घेण्याची सोय अर्जदाराजवळ असली पाहिजे. यात तिजोरीवर नवा भार नाही. जे देणे आधीच मान्य केले आहे तेच देण्याचा हा प्रश्न आहे.

पुष्कळदा नकार एका दाराशी मिळतो आणि चूक दुसऱ्याच दाराशी असते. दिव्यांगांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. लाभांसाठी साधारणपणे किमान ४० टक्के अपंगत्व धरले जाते. दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळाने एखाद्या मुलाचे अपंगत्व ३८ टक्के लिहिले तर अनुदान नाकारणाऱ्या कार्यालयाविरुद्ध कितीही अपिले केली तरी हाती काही लागणार नाही, कारण त्या कार्यालयाने नियमाप्रमाणेच केले. तेथे दाद मागायची ती दाखल्याविरुद्ध. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ५९ मध्ये अपंगत्वाच्या प्रमाणपत्राविरुद्ध अपिलाची स्वतंत्र तरतूद आहे, पण ती किती पालकांना माहीत आहे? उत्पन्नाच्या दाखल्याचेही तसेच आहे. तलाठ्याच्या अहवालात विभक्त राहणाऱ्या मुलाचा पगार धरला गेला असेल तर आधी मामलेदार कार्यालयातून तो दाखला दुरुस्त करून आणावा लागतो. नकारपत्रात नेमके कारण असते तर हे कोणालाही वाचून कळले असते, त्यासाठी माझ्यासारख्या माणसाची गरज पडली नसती.

आणि मदत करणारा माणूस मिळाला नाही तर? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार महिला आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. तालुका विधी सेवा समितीकडे जाऊन अपील लिहून मागता येते, हे आमच्या वाड्यावर मी सांगेपर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. दाद मागायला अखेर उच्च न्यायालयाचे पर्वरी येथील खंडपीठ आहेच, परंतु दरमहा दोन हजार रुपयांसाठी तेथवर कोण जाणार? जी व्यवस्था गरिबाला उच्च न्यायालयाचा रस्ता दाखवते आणि तालुक्यात दाद मागण्याची सोय ठेवत नाही, तिने त्याला दाद नाकारलेलीच असते.

म्हणून काही गोष्टी ताबडतोब करता येतील, त्यासाठी विधानसभेत नवा कायदा आणण्याचीही वाट पाहायला नको. अर्ज नामंजूर करण्याआधी त्रुटींचे पत्र पाठवावे आणि त्या भरून काढण्यासाठी निदान तीस दिवस द्यावेत. काकींच्या बाबतीत तसे पत्र आले असते तर एका दिवसात विषय मिटला असता. नामंजुरी झालीच तर त्या पत्रात सगळी कारणे, अपील ज्याच्याकडे करायचे त्या अधिकाऱ्याचे पद आणि कार्यालयाचा पत्ता, व अपिलाची शेवटची तारीख असावी. पत्र टपालात उशिरा पोचते, म्हणून मुदत पत्र लिहिल्यापासून न मोजता हाती पडल्यापासून मोजावी. अपील ऐकणारा अधिकारी मूळ निर्णयावर सही करणारा नसावा, आणि नकार योग्य होता हे दाखवण्याची जबाबदारी कार्यालयाची असावी. माहिती अधिकाराच्या अपिलात माहिती नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर ती आजही आहे, मग अनुदानाच्या अपिलात का नसावी? किती अर्ज आले, किती कोणत्या कारणाने नामंजूर झाले, किती अपिले झाली आणि त्यांत किती नकार चुकीचे ठरले, हे आकडे प्रत्येक खात्याने दर तीन महिन्यांनी, कोणाचेही नाव न घेता, प्रसिद्ध करावेत.

यांत माझा सर्वांत अधिक आग्रह सुनावणीच्या जागेविषयी आहे. काकींच्या अपिलाच्या दिवशी आम्ही सकाळी सातची बस धरली, डिचोलीला बस बदलली, पणजीला कदंब स्थानकावरून चालत गेलो आणि साडेअकराला पाच मिनिटांची सुनावणी झाली. ऐन काजूचा मोसम, त्या दिवसाची मजुरी बुडाली. त्या जाऊ शकल्या कारण त्यांचे पाय अजून चालतात. पण काणकोणच्या टोकाला राहणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाने, किंवा धारबांदोड्यातल्या एखाद्या दिव्यांग मुलाच्या आईने, मुलाला कोणाजवळ ठेवून, पाच मिनिटांसाठी पणजी गाठावी ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे. गोव्यात बारा तालुके आहेत. महिन्यातून एक ठरलेला दिवस अपिलाच्या अधिकाऱ्याने प्रत्येक तालुक्याच्या मामलेदार कार्यालयात बसावे, फाइल सोबत आणावी आणि अर्जदारासमोर तिची पाने उलटावीत.